कळून केलेलं

एकतिसाव्या घरापाशी आल्यावर अब्बांचा गुडघा दुखायला लागला. तोवरची तीस घरं तो गुडघा निमूट चालला होता. मशिदीमागचा चढ चढला, नदीकडच्या गल्लीतल्या पायऱ्या उतरला, एका घरी तर बसायला जागा नव्हती म्हणून पाव तास उभासुद्धा राहिला. नेमकं दिलशाद आपांच्या दारात येऊन त्याला काय झालं, कोण जाणे.

“आज ऱ्हाऊ दे बिल्कीस,” अब्बा म्हणाले. “उद्या येऊ.”

“कालबी तुमी उद्याच म्हनला होता.”

“उद्या म्हंजे उद्या,” म्हणून ते वळले आणि त्याच गुडघ्यानं घरापर्यंत माझ्या पुढं चालत गेले.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. अब्बा म्हणजे माझे सासरे, दस्तगीर नदाफ. कृष्णाकाठच्या आमच्या बाजाराच्या गावात त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, आणि त्यांच्या हाताच्या गादीवर झोपला नाही असा माणूस गावात शोधून सापडला नसता. आमच्या जमातीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. दोनदा अर्ज करून हुकलेला हजचा नंबर त्या साली तिसऱ्या खेपेला लागला. रविवारी सकाळी मुंबईला जायची जीप ठरली होती आणि मंगळवारचं विमान होतं.

हजला निघायच्या आधी दारोदार जाऊन माफी मागायची आमच्यात रीत आहे. मशिदीतले हाफिजसाहेब वयानं अगदी पोरगेले होते, नांदेडकडचे, पण बोलायचे मोजकं आणि नीट. त्यांनी अब्बांना समजावून सांगितलं होतं, की नमाज-रोज्यात काही कमी राहिलं तर तो तुमचा आणि अल्लाहचा मामला. पण माणसावर केलेला जुलूम तो परस्पर माफ करत नाही. ज्याच्यावर झाला त्यानंच तो सोडायचा. जुलूम त्यानं आधी स्वतःवर हराम करून घेतला, मग आपल्यावर केला, असं हाफिजसाहेब म्हणाले. अब्बांनी मान डोलावली, आणि घरी येऊन मला एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर नावं लिहायला बसवलं. गुडघ्यामुळं त्यांना एकट्यानं फिरता येत नव्हतं, म्हणून बरोबर मीच. माझे मालक सिकंदर तेवढे दिवस दुकान बघणार होते.

खरं सांगते, पहिले दोन दिवस मला मजाच वाटली. अब्बा प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचे, कळत-नकळत काही चुकलं असेल तर अल्लाहच्या वास्त्यानं माफ करा, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा माफ करून मोकळा व्हायचा. मग चहा. दिवसाला पंधरा चहा झाले. रहीमाबी म्हणाली, माझ्या लग्नातल्या गादीत गाठी निघाल्या होत्या, ते धरून माफ करू का सोडून? शेजारचे सुतारतात्या म्हणाले, माफ केलं, पण येताना खजूर विसरलास तर माफी रद्द. अब्बा खुशीत होते. गाव माफी हळदीकुंकवाच्या वाणासारखी वाटत सुटलं होतं आणि ते आपले ओंजळ भरून घेत होते.

राहिलं होतं फक्त गल्लीच्या टोकाचं घर.

मंगळवारी दुपारी मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. दिलशाद आपा अब्बांच्या चुलतभावाची मुलगी. आईबाप गेलेले, भाऊ पुण्याला, आणि ती दोन खोल्यांत एकटी राहून रजयांना टाके घालायची. वय बेचाळीसच्या आसपास, काठीसारखी ताठ. गावात तिची ओळख एकाच गोष्टीवरून करून देत: तिला फिट येते. कार्याच्या घरी तिला चुलीजवळ बसू देत नसत, नदीवर एकटी जाऊ देत नसत, आणि ती आली की बायका कारण नसताना जराशा सरकून बसत. लग्न झालं नव्हतं. सगळं सवयीचं झालं होतं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

ती दाराशी उजेडात बसून टाके घालत होती. आम्हाला बघून उठली, पदर डोक्यावर घेतला, चटई अंथरली, पाणी दिलं. अब्बा पाणी प्यायले नाहीत. तांब्या समोर ठेवून त्यांनी ते वाक्य म्हटलं, पण तीस घरांत घासून गुळगुळीत झालेलं वाक्य इथं दोनदा अडलं.

दिलशाद आपांनी रजई पुन्हा मांडीवर घेऊन अर्धा राहिलेला टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि सुई पदरात खोचली.

“नकळत झालेलं सगळं माफ, चाचा,” ती म्हणाली. “कळून केलेलं तेवढं सांगा. मग बघते.”

अब्बा तांब्याकडं बघत राहिले. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. शेवटी ते म्हणाले, की असं काही आठवत नाही.

“मग आठवलं की या. मी हितंच असते.”

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला रजई कधी मिळेल ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. मला मात्र घरी येईपर्यंत तिचा असा संताप आला होता की विचारू नका. एवढा मोठा माणूस, पासष्ट वर्षांचा, दारात चालत आला, आणि ही बाई त्याची उलटतपासणी घेते. सिकंदर तर म्हणाले, तिची माफी नाही मिळाली म्हणून काय हज अडतेय? अब्बा रात्रीची भाकरी तशीच ठेवून झोपले.

बुधवारी सकाळी ते हाफिजसाहेबांकडं निघाले, आणि गुडघ्याच्या निमित्तानं मीही. मशिदीच्या बाहेर लिंबाखाली दोघं बसले, मी जरा अंतरावर. अब्बांनी विचारायला सुरुवात केली ती माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, अशी. तो ओळखीचा माणूस एकदा एका बाईबद्दल काही बोलला होता. आता बाई म्हणते, काय बोललास ते सांग. तर मोघम माफी मागितलेली चालेल का? हाफिजसाहेब अब्बांच्या निम्म्या वयाचे, पण त्यांनी हसू येऊ दिलं नाही.

“त्या ओळखीच्या माणसाला सांगा,” ते म्हणाले, “बाई विचारतेय, म्हणजे तिला माहीत आहे. आता मोघम चालणार नाही.”

“आन त्याची हज?”

“हज होईल. फर्ज उतरेल. पण हे ओझं त्याच्याबरोबर तिकडं जाईल आणि त्याच्याबरोबरच परत येईल.”

घरी न जाता अब्बा दुकानात गेले. दुपारची वेळ, सिकंदर जेवायला गेलेले, फळ्या अर्ध्या लावलेल्या. पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी ते बसले आणि मला म्हणाले, बस. मला वाटलं पाणी मागतील. त्यांनी एकदम बोलायलाच सुरुवात केली. मलाच का सांगितलं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. पोटच्या पोरांना सांगण्यापेक्षा सुनेला सांगणं सोपं गेलं असेल.

बावीस वर्षांपूर्वी मिरजेचे एक नदाफ, मोठे गादीवाले, आपल्या मुलासाठी दिलशादला बघून गेले होते. मुलगी पसंत होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आमच्या जमातीत सोयरीक पक्की करण्याआधी पाहुणे गावातल्या एखाद्या वजनदार माणसाकडं मुलीची चौकशी करतात. तो सांगेल ते अखेरचं. त्या वेळचा तो वजनदार माणूस म्हणजे अब्बा, आणि मुलीचे चुलतेसुद्धा. मुलाचा बाप याच दुकानाच्या ओट्यावर येऊन बसला आणि विचारलं, मुलगी कशी आहे.

“मी म्हनलो, पोरगी गुनाची हाय. घर चांगलं हाय. फकस्त तिला फिट येते.” अब्बा कापसाच्या ढिगाकडं बघून बोलत होते. “सहा वर्साची असताना तापात एकदा आली होती, बिल्कीस. एकदाच. मी त्याला सांगितलं, अजून म्हैन्याला येते.”

मी विचारलं, का.

“मेहरून तवा लग्नाची होती.”

मेहरून माझी थोरली नणंद. तिचं सासर मिरजेला. नवऱ्याचं नाव गौस, गाद्यांचं मोठं दुकान, माडीचं घर, दोन मुलगे. सगळ्या जमातीत लोक उदाहरण द्यायचे, सोयरीक करावी तर दस्तगीरभाईंसारखी. त्या चौकशीनंतर तिसऱ्या महिन्यात, त्याच मुलाशी, ती ठरली होती.

दुकानातून मी चालत घरी गेले नाही, नदीवर गेले आणि पायऱ्यांवर बसून राहिले. मला सासऱ्यांचा राग आला, असा की त्यांच्या बरोबर फिरलेली तीस घरं आठवून लाज वाटली. मग कशाचीतरी भीती वाटली, आणि ती कशाची ते मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. कपडे धुणाऱ्या बायकांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं.

गुरुवारी सकाळी अब्बा माझ्या आधी तयार होऊन बसले होते. गुडघ्याचं नाव काढलं नाही. दिलशाद आपांच्या दारात ते चटई घालायची वाट न बघता उंबऱ्यावरच बसले आणि जे मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. कोण आला होता, काय विचारलं, काय सांगितलं, कशासाठी सांगितलं. काही गाळलं नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा तांब्या फेकून मारेल. मी असते तर मारला असता.

“म्हाइती हाय मला,” ती म्हणाली. “पंधरा वर्सं झाली. गौसची आई ऊरसात भेटली होती. मरायच्या आधी सांगून गेली. म्हनली, तुझ्या चाचानं सांगितलं म्हनून मोडलं.”

“मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?” अब्बांनी विचारलं.

“कुनाला बोलू? फिट येनारीचं कोन ऐकतंय? आन येत असती तरी काय, चाचा? ज्याला येते त्याला मन नसतं?”

अब्बांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, आता कळून केलेलं सांगितलं, आता तरी माफ कर, रविवारी मला निघायचंय.

दिलशाद आपा मग जे बोलली ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

“मला सांगून काय उपेग? मला फिट येत न्हाई हे मला म्हाइती हाय. ज्यांना म्हाइती न्हाई त्यांना सांगा.”

अब्बा म्हणाले, “मेहरूनचं काय हुईल?”

“ते मला इचारू नका.”

परत येताना अब्बा तीनदा थांबले. दगडाखाली हात सापडलेला माणूस जसा आधी हात ओढून बघतो, तसं त्यांचं चाललं होतं. मला म्हणाले, तू चार बायकांना सांगितलंस तर? गोष्ट आपोआप फिरेल. मी म्हटलं, फिट येते ही गोष्ट मी फिरवली नव्हती. मग म्हणाले, हजहून आल्यावर सांगितलं तर? मी चालत राहिले. सुनेनं सासऱ्याला किती बोलायचं यालाही एक मर्यादा असते, आणि त्या आठवड्यात मी ती बरीच मागं टाकली होती.

घरी येऊन बघतो तर मेहरून आपा आलेली. बापाला निरोप द्यायला तीन दिवस आधीच आली होती, डबे, पिशव्या, हजला नेसायची इहरामची पांढरी कापडं असं सगळं घेऊन. स्वयंपाकघरात बसून ती प्रवासाच्या लाडवांसाठी रवा भाजत होती आणि मला सूचना देत होती. अब्बा दारात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की तू सांगशील का? मी मान हलवली. मी नाही सांगणार. मग ते आत येऊन पाटावर बसले.

बापलेकीच्या मध्ये थांबू नये म्हणून मी उठले, तर मेहरून आपानं माझा हात धरून बसवलं. बापाचा चेहरा बघून तिला वाटलं, तब्येतीचं काही आहे. अब्बांनी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होते, तरी या वेळी सगळ्यात जास्त वेळ लागला. मेहरून आपाचा उलथणं धरलेला हात फिरत राहिला. रवा लाल झाला, मग करपायला लागला, तेव्हा मी कढई खाली उतरवली.

“यांना म्हाइती हाय?” तिनं विचारलं. म्हणजे तिच्या नवऱ्याला.

“न्हाई.”

“आन मी आल्यावर दर साली तिच्याकडनंच रजया शिवून न्हेते.” ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. “दर साली म्हनते, दिलशाद, तुझ्या हाताला चव हाय, तुझं लगीन झालं असतं तर नवरा सुखात ऱ्हायला असता. हासत म्हनते मी तिला. अब्बा, हासत.”

अब्बा रडत होते. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. ते म्हणाले, तू नको म्हणालीस तर मी मशिदीत बोलणार नाही. तुझ्या संसाराचा प्रश्न आहे. तुझ्या पोरांचा आहे.

मला तो क्षण विसरता येत नाही, कारण मला त्यात अब्बांची हुशारीही दिसली आणि मायाही दिसली, आणि दोन्ही खरी होती. मेहरून आपानं नाही म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं आणि त्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटलं असतं.

“माझ्यावर टाकू नका,” ती म्हणाली. “तवाबी मला इचारलं न्हवतं. आता कशाला इचारता?” मग करपलेला रवा कोंबड्यांना टाकायला उठली. दारातून वळून म्हणाली, “यांना मी सांगीन. मशिदीत तुमी सांगा.”

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि भोंग्यातून हाफिजसाहेबांचा आवाज आला, की कुणी उठू नका, दस्तगीरभाईंना दोन शब्द बोलायचे आहेत. गल्लीतल्या बायकांना वाटलं, हजला निघालेला माणूस निरोपाचं बोलणार. आमच्या अंगणात सात-आठ जणी लाडू वळायला जमल्या होत्या. मेहरून आपा त्यांच्यात बसली होती. भोंगा आमच्या घराच्या थेट वर.

अब्बा जास्त बोलले नाहीत. म्हणाले, मी दस्तगीर नदाफ. बावीस वर्षांपूर्वी मी माझ्या चुलतभावाच्या मुलीबद्दल, दिलशादबद्दल, मिरजेच्या पाहुण्यांना खोटं सांगितलं. तिला फिट येत नाही. कधीच येत नव्हती. माझ्या स्वतःच्या मतलबासाठी मी तिचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी जालीम आहे. तिनं मला अजून माफ केलेलं नाही, आणि तिच्यावर कुणी जबरदस्ती करायची नाही.

एवढंच. मग भोंगा खरखरला आणि बंद झाला.

अंगणात कुणी कुणाकडं बघेना. मतलब काय, ते सगळ्यांना कळलं होतं. मिरजेचं नाव पुरेसं होतं. रहीमाबीनं हातातला लाडू परत परातीत ठेवला. मेहरून आपा मात्र वळत राहिली, अगदी एकसारखे, एकामागून एक, आणि परात रिकामी झाल्यावर उठून हात धुतले. त्या दिवशी अब्बांबरोबर मशिदीतून कुणी चालत आलं नाही. इतर वेळी जुम्म्यानंतर चार माणसं त्यांच्यामागं असायची.

रविवार उजाडला. मनात होतं, कुणी येणार नाही. पण हजला जाणाऱ्याला निरोप द्यायला माणसं येतातच, त्यात पुण्य असतं, म्हणून आली. फक्त गळ्यात हार घालताना नेहमीची गडबड नव्हती. गौस सकाळीच मिरजेहून आले होते. आल्याआल्या त्यांनी सासऱ्यांची बॅग उचलून जीपमध्ये ठेवली आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले.  नवरा-बायकोत काय बोलणं झालं होतं ते मला कधीच कळलं नाही.

अब्बा जीपमध्ये बसले आणि परत उतरले.

“मी जात न्हाई,” ते म्हणाले. “तिनं माफ केल्याबिगर अल्लाहच्या त्या घराला तोंड दाखवनार न्हाई मी. नंबर जाऊ दे.”

गलका झाला. सिकंदर समजावायला लागले, ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला. हाफिजसाहेब काही बोलायच्या बेतात होते, तेवढ्यात माणसं बाजूला झाली. दिलशाद आपा आली होती. गर्दीतून ती सरळ चालत आली आणि पहिल्यांदाच कुणी तिला सावरायला म्हणून हात पुढं केला नाही.

“बसा चाचा,” ती म्हणाली. “तुमी न्हाई गेला तर उद्या गाव म्हनंल, दिलशादनं चाचाची हज आडवली. एक नाव पुसायला बावीस वर्सं गेली. आता दुसरं लावू नका.”

 मग खाली मान घालून, अगदी हळू, त्यांनी विचारलं, “आन माफी?”

“तोंडानं म्हनायला काय जातंय? तीस घरांनी म्हनलंच की तुमाला. मनातनं आली की मी अल्लाहला सांगीन. त्याला सांगितलं की तुमाला पोचंल.”

अब्बा जीपमध्ये चढले, आणि या वेळी उतरले नाहीत. जीप वळेपर्यंत दिलशाद आपा उभी होती. हात हलवला नाही, पण पाठही फिरवली नाही.

माणसं पांगली. मेहरून आपा घरात गेली आणि मी गल्लीच्या टोकाकडं चालायला लागले. दिलशाद आपा पुढं होती. मला तिला गाठायचं होतं आणि गाठायचं नव्हतंही. नदीच्या पायऱ्यांवर मला कशाची भीती वाटली होती, ते मला आता नीट कळत होतं. पाच दिवस मी सासऱ्यांना आरसा दाखवत फिरत होते. त्या आरशाची दुसरी बाजू मी बघितलीच नव्हती. त्यांनी एकदा खोटं सांगितलं. पण पुढं रोज उठून ते खरं करत कोण होतं? सरकून बसणाऱ्या बायकांत मी होते. मला कुणी सांगितलं होतं म्हणून मी बसत होते, हे खरं. पण कधी एकदाही तिला फिट आलेली मी पाहिली नव्हती, हेही तेवढंच खरं.

तिच्या दारात मी तिला हाक मारली. ती कुलूप काढत होती.

“आपा, मला बी माफी मागायची हाय.”

ती वळली नाही. मी काय म्हणणार याची वाट बघत तशीच उभी राहिली, आणि कळत-नकळत हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते ते मी गिळले.

“माझा इरफान चाळीस दिवसाचा होता,” मी म्हणाले. “तुमी बघायला आला होता. त्याला घ्यायला हात पुढं केला, आन मी त्याला भूक लागलीय म्हनून आत घेऊन गेले. त्याला भूक लागली न्हवती. तो झोपला होता.”

दिलशाद आपांनी कुलूप काढलं, कडी उघडली, दार ढकललं.

“म्हाइती हाय मला,” ती म्हणाली. “डोक्यावर हिरवं टोपडं होतं त्याच्या. मीच शिवून आनलं होतं.”

मग ती आत गेली, आणि दार उघडंच ठेवलं.